ॲल्मा टेलर कोण होती? फाळके वॉल्टनला गेले तेव्हा ती तिथे होती का?

थेम्सकाठची, शनिवार रात्री

नमस्कार. मी मूळची नाशिकची, सहा वर्षांपासून इंग्लंडात वॉल्टन-ऑन-थेम्स या गावात राहते. माझी मुलगी इथल्या प्लेहाउस नावाच्या छोट्या नाट्यगृहात मुलांच्या नाटकात काम करते आहे, त्यामुळे दर शनिवारी तालीम संपेपर्यंत मी बाहेर बसलेली असते. आज शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, त्यांची नातही त्याच नाटकात आहे. भिंतीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, हे मुळात नाटकाचं थिएटर नव्हेच. सेसिल हेपवर्थचा सिनेमाचा स्टुडिओ इथे होता, त्याला वीज पुरवायला ही इमारत बांधली आणि आत जर्मन पाणबुडीची इंजिनं आणून बसवली. मग म्हणाल्या, "माझी आई ॲल्मा टेलरसाठी वेडी होती. तिचे फोटो असलेली पोस्टकार्डं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती तिने."

हेपवर्थ हे नाव कुठेतरी ऐकलंय असं वाटत राहिलं, म्हणून घरी आल्यावर बाबांना फोन लावला. ते लगेच म्हणाले, "अगं, दादासाहेब फाळके 1912 साली विलायतेला गेले ते याच हेपवर्थकडे!" आमचं जुनं घर त्र्यंबकेश्वरला, फाळक्यांचा जन्मही तिथलाच, त्यामुळे घरात हा विषय एकदा निघाला की जेवणं थंड होतात. आणि मी सहा वर्षं त्या जागेपासून बारा मिनिटांच्या अंतरावर राहतेय. आता तिथे रहदारी, दुकानं आणि हेपवर्थ वे नावाचा रस्ता, एवढंच.

ही ॲल्मा टेलर कोण? फाळके आले तेव्हा ती इथेच काम करत होती का? आणि एवढी मोठी नटी होती तर तिचं पुढे काय झालं? मी इथे दोघातिघांना विचारलं, सगळे म्हणाले, "बोलपट आले आणि मूकपटवाल्या गेल्या, तसंच झालं असणार." खरंच तसं झालं का? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, बाबांना वाचून दाखवायचं आहे.


जुनी_रिळं, रविवार पहाटे

ताई, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि पहाटे पाचला उठून लिहायला बसलो. मी मुंबईतल्या एका फिल्म लॅबमध्ये चौतीस वर्षं काढली, आधी डेव्हलपिंगला, मग निगेटिव्ह कटिंगला. (निगेटिव्ह म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फिल्म, जिच्यावरून थिएटरच्या प्रिंट काढतात.) नटनट्यांना मी पडद्यावर कमी आणि लाइट टेबलवर (खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर) जास्त पाहिलंय. ॲल्मा टेलर मला माहीत झाली तीही निगेटिव्हमुळेच. ते पुढे सांगतो.

आधी तुमचा फाळक्यांचा प्रश्न. फाळके 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला निघाले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले होते. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत ओळखपाळख नसताना सरळ आत शिरले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात पडू नका म्हणून सांगितलं, आणि माणूस ऐकत नाही असं दिसल्यावर वॉल्टनला हेपवर्थकडे पाठवलं. हेपवर्थने त्यांना सगळे विभाग दाखवले, चित्रीकरण करून दाखवलं. फाळके विल्यमसनचा कॅमेरा घेऊन परत आले आणि पुढच्या वर्षी 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

ॲल्मा टेलरचा जन्म लंडनचा, 3 जानेवारी 1895. म्हणजे फाळके त्या आवारात पाऊल टाकत होते तेव्हा ती नुकती सतरा वर्षांची झालेली, आणि हेपवर्थच्या कंपनीत जुनी झालेली! कारण ती पडद्यावर आली 1907 मध्ये, बाराव्या वर्षी. त्या पहिल्या चित्रपटाचं नाव 'हिज डॉटर्स व्हॉइस', म्हणजे मुलीचा आवाज. मूकपटाला हे नाव, आणि तिथून जिची कारकीर्द सुरू झाली तिचा आवाज लोकांना ऐकायला मिळाला तो पंचवीसेक वर्षांनी.

दोघांची भेट झाली असं मी म्हणणार नाही. पण वॉल्टनचा स्टुडिओ म्हणजे आजच्यासारखी फिल्मसिटी नव्हती. मोजकी माणसं, त्यांचीच ये-जा, नट गरजेला दुसरं कामही करायचे. त्या आवारात तेव्हा दोन पोरी सगळ्यांच्या लाडक्या होत्या. एक ॲल्मा, दुसरी तिच्याच वयाची क्रिसी व्हाइट. 1910 पासून हेपवर्थ 'टिली द टॉमबॉय' नावाची छोट्या विनोदी चित्रपटांची मालिका काढत होता. पहिल्या भागातली टिली वेगळी मुलगी होती, त्यानंतर ॲल्मा टिली झाली आणि क्रिसी तिची जोडीदारीण. काय करायच्या? घरातल्या मोठ्यांना सतावायचं आणि पळायचं. एका भागात त्या आग विझवायचा बंबच पळवतात, आणि मागे लागलेल्या बंबवाल्यांवर त्यांच्याच नळीने पाणी सोडतात. शेवटी कुणी त्यांच्या कानाखाली वाजवत नाही, कुणी बोधपर काही सांगत नाही. त्या गुणी मुलींसारखा चेहरा करून बसतात, आणि चित्रपट संपतो.

ताई, हे बाबांना मुद्दाम वाचून दाखवा. फाळक्यांनी जे आवार पाहिलं तिथे पोरी बंब पळवत होत्या, आणि मुंबईत परत आल्यावर त्यांना तारामतीच्या कामासाठी एक बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंकेंना साडी नेसवावी लागली.

त्याच 1912 मध्ये ॲल्माने 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये नॅन्सी केली. चार रिळांचा चित्रपट, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र' एवढाच. नॅन्सी ही चोरांच्या टोळीतली बाई, तिचा माणूस तिला मारून टाकतो. वर्षभर आधी बंब पळवणाऱ्या मुलीला हे काम दिलं. मग हेपवर्थ स्वतः तिचे चित्रपट दिग्दर्शित करू लागला आणि ती कंपनीची पहिली नायिका झाली. 1915 मध्ये 'पिक्चर्स अँड द पिक्चरगोअर' नियतकालिकाने वाचकांचं मत मागवलं की सगळ्यात आवडता ब्रिटिश कलाकार कोण. ॲल्मा टेलर पहिली आली. चार्ली चॅप्लिन तिच्या मागे होता! चॅप्लिनही लंडनचाच, म्हणून तोही त्या यादीत. तुमच्या त्या आजीबाईंच्या आईची पोस्टकार्डं त्याच लाटेतली.

आता मुख्य प्रश्न. बोलपटाने तिला संपवलं का? नाही. हे वाक्य मी जिथे वाचतो तिथे दुरुस्त करतो. बोलपट इंग्लंडात रुळले 1929 मध्ये. ॲल्मा टेलरचा घात झाला त्याआधी पाच वर्षं, 1924 मध्ये, आणि तो झाला हिशोबाच्या वह्यांत.

हेपवर्थने पहिलं महायुद्ध संपल्यावर कंपनी मोठी करायची ठरवली. शेअर बाजारात उतरवली. लोकांनी पुरेसे शेअर घेतले नाहीत, तरी त्याने बांधकामं चालू ठेवली. तुमचं प्लेहाउस म्हणजे त्याच वेळचं पॉवरहाउस. पाणबुडीची इंजिनं आली, पण त्या विजेवर चालायचे ते नवे स्टुडिओ काही पुरे झाले नाहीत. दुसरीकडे इंग्लंडातली थिएटरं अमेरिकन कंपन्यांनी आगाऊ बांधून ठेवलेली. एक मोठा चित्रपट हवा असेल तर त्यांचे बाकीचे दहाही घ्या, अशी अट. ब्रिटिश चित्रपट तयार झाला तरी त्याला महिनोन्‌महिने तारीख मिळायची नाही आणि पैसा तोवर डब्यात अडकून. 1926 पर्यंत तिथल्या पडद्यावर दर शंभर चित्रपटांत जेमतेम पाच ब्रिटिश उरले. हेपवर्थ त्याच्या दोन वर्षं आधीच बुडाला. कंपनीवर रिसीव्हर आला, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा माल विकून देणेकऱ्यांचे पैसे भागवायला नेमलेला माणूस.

रिसीव्हरला सिनेमाशी देणंघेणं नसतं. त्याने गोदामातला माल पाहिला. माल म्हणजे वीस-पंचवीस वर्षांच्या निगेटिव्ह. त्या वितळवण्यासाठी विकल्या गेल्या.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कारण ते कसं करतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. फिल्मवरचा काळा भाग म्हणजे बारीक चांदी असते. गरम पाण्यात कॉस्टिक टाकून फिल्म त्यात सोडली की वरचा जिलेटिनचा थर सुटतो, चांदी खाली बसते, आणि हातात राहते स्वच्छ पारदर्शक पट्टी. मी अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, लॅबला लागण्याआधी, एका भंगारवाल्याच्या शेडमध्ये हे बघितलं. तिथे जुन्या हिंदी-मराठी चित्रपटांचे डबे रचून ठेवले होते. तो माणूस पट्टी उचलून दाखवत म्हणाला, "याच्या बांगड्या होतात." मी उजेडात धरून पाहिली. पट्टीच्या एका टोकाला थर सुटायचा राहिला होता, आणि त्यात एका बाईचा चेहरा होता, खाली बघणारा. कोण ते मला ओळखता आलं नाही. तेवढ्यात त्याने ते टोकही बुडवलं.

माझ्या डोक्यात ॲल्मा टेलर त्या पट्टीतल्या बाईसारखी बसली आहे.

आणि निगेटिव्ह म्हणजे काय ते लॅबबाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही म्हणून सांगतो. प्रिंट फाटली तर दुसरी काढता येते. निगेटिव्ह गेली की चित्रपट गेला. हेपवर्थला हे दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. 1905 मध्ये त्याने कुत्र्याने बाळ शोधून आणलं अशी एक सहा-सात मिनिटांची गोष्ट काढली होती, खर्च सात पौंड तेरा शिलिंग नऊ पेन्स. तिच्या इतक्या प्रिंट खपल्या की निगेटिव्ह झिजून गेली, आणि तीच गोष्ट पुन्हा दोनदा, पहिल्यासारखी हुबेहूब, चित्रित करावी लागली. तेव्हा बाळ, बायको, कुत्रा सगळे घरचे होते, जमलं. 1924 नंतर पुन्हा काय चित्रित करणार?

ॲल्माची गोची अशी की तिने जवळपास सगळं आयुष्य एकाच कंपनीत काढलं होतं. बाराव्या वर्षी आली, एकोणतिसाव्या वर्षी कंपनी बुडाली. दुसरीकडे कामं करून ठेवलेली असती तर काही कुठे शिल्लक राहिलं असतं. इथे घर, धनी आणि केलेलं सगळं काम एकाच दिवशी लिलावात निघालं. एकोणतीस हे काही नटीचं म्हातारपण नव्हे. उलट नुकतीच ती चांगली होत चालली होती.

तिचं काम बघायचं असेल तर 'कमिंग थ्रू द राय' बघा, 1923 चा. (राय हे गव्हासारखं धान्य. आपली फोडणीतली राई नव्हे, मीही आधी घोटाळा केला होता.) हेपवर्थने त्याच गोष्टीवर 1916 मध्ये ॲल्मालाच घेऊन एक चित्रपट केला होता, आणि सात वर्षांनी पुन्हा केला. गोष्ट व्हिक्टोरियन कादंबरीतली. हेलन अडेर नावाची मुलगी, तिचं पॉल नावाच्या माणसावर प्रेम. दुसरी एक बाई वर्तमानपत्रात हेलनच्या लग्नाची खोटी बातमी छापून आणते, पॉल ती खरी मानतो आणि रागाच्या भरात त्याच बाईशी लग्न करून बसतो. गोष्टीत नवल काही नाही. पण हेपवर्थने खास रायचं शेत पेरून घेतलं आणि पेरणीपासून कापणीपर्यंत ते पुन्हा पुन्हा दाखवलं. मुलगी लहान असते तेव्हा कोवळं, शेवटी नुसते बुडखे. त्या शेतातून ॲल्मा चालते.

मुलीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा हा चित्रपट मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला, शेजारी एक गृहस्थ पियानो वाजवत होते. खरी गोष्ट हेलनला कळते ते दृश्य मी कधी विसरणार नाही. दुसरी कुणी असती तर छातीवर हात, डोळे वर, कोसळणं. ॲल्मा काही करत नाही. ती नुसती थांबते. हात जिथे होते तिथेच राहतात. मूकपटात न हलता उभं राहायला केवढी हिंमत लागते! शब्द नाहीत, मदतीला दुसरं काहीच नाही. लाइट टेबलवर अशी फ्रेम आली असती तर मी भिंग घेऊन बघितली असती.

मोठं झालं, पण अजून थोडं राहिलंय. चहा घेऊन येतो.


मधुरा_कोल्हापूर, रविवार दुपार

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. पण एक गोष्ट मला खटकते, ती मांडते. मी नाटकवाली आहे, मूकपटांवर थोडं वाचलंय.

'कमिंग थ्रू द राय' आला तेव्हाच लोक त्याला जुनाट म्हणाले होते ना? 1924 च्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रिटिश चित्रपट सप्ताह भरवले, त्यात हा दाखवला, आणि टीका झाली की हेपवर्थ दहा वर्षं मागे राहिलाय. तो सरळ कट द्यायला घाबरायचा. प्रत्येक दृश्य हळूहळू अंधारात विरायचं आणि पुढचं अंधारातून उगवायचं. तोवर अमेरिकेत ग्रिफिथ या दिग्दर्शकाला क्लोज-अप आणि वेगवान कटिंग करून आठ-नऊ वर्षं झाली होती. मग सगळा दोष अमेरिकन कंपन्यांवर आणि रिसीव्हरवर टाकणं बरोबर आहे का? प्रेक्षक दुसरीकडे गेले कारण दुसरीकडे जास्त चांगलं मिळत होतं.

आणि बेटी बॅल्फोरचं उदाहरण घ्या. ती ॲल्मापेक्षा आठ वर्षांनी लहान. तिने 1921 पासून 'स्क्विब्स' ही पिकॅडिलीत फुलं विकणारी मुलगी रंगवली. ('स्क्विब्स'च्या एका भागात तर तिला कलकत्त्याच्या घोड्यांच्या शर्यतीची लॉटरी लागते!) तीच मंदी, त्याच अमेरिकन कंपन्या, आणि बेटी 1928 मध्ये हिचकॉककडे 'शॅम्पेन'ची नायिका झाली, मध्ये फ्रान्स-जर्मनीत कामं करून आली. म्हणजे वाट होती. ॲल्माला ती दिसली नाही की तिने घेतली नाही?

बाकी टिलीचं आणि आपल्याकडच्या परिस्थितीचं तुम्ही लिहिलंत त्यात भर घालते. 1913 मध्येच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या. कमलाबाई तेव्हा तेरा वर्षांच्या. म्हणजे ॲल्मा ज्या वयात आली जवळपास त्याच वयात. फरक असा की कमलाबाईंना नाटक कंपनीची बिऱ्हाडं आणि समाजाची दूषणं दोन्ही बरोबर घेऊन चालावं लागलं. तरी त्यांचं घराणं टिकलं, मुलगा चंद्रकांत गोखले, नातू विक्रम गोखले. ॲल्मा टेलरचं नाव पुढे नेणारं कुणी दिसत नाही. मला हे फार जाणवलं.


जुनी_रिळं, रविवार संध्याकाळ

मधुरा, तू म्हणतेस त्यातलं अर्धं मला मान्य आहे. हेपवर्थ हट्टी होता. अचानक कट दिला की प्रेक्षकाच्या डोळ्याला ठेच लागते अशी त्याची समजूत होती. निगेटिव्ह कटर म्हणून मला ते वेगळं दिसतं, तेही ऐक. त्याच्या चित्रपटात प्रत्येक शॉटला हलकेच आत येऊन हलकेच बाहेर जायची मुभा आहे. अशा चित्रपटात नटीने घाई केली की ते लगेच दिसतं. ॲल्मा त्या चालीत वाढली होती, तिचा श्वास त्याच मापाचा झाला होता. ती मागासलेली नव्हती, तिची लय वेगळी होती. तुमच्या नाटकातही एखादा नट एका दिग्दर्शकाच्या तालमीत असा घडतो की दुसऱ्याकडे त्याची किल्लीच बसत नाही. पण हे मानलं तरी निगेटिव्ह वितळवण्याचं समर्थन होत नाही. जुनाट म्हणून गाणं आवडलं नाही तर नका ऐकू, तबकडी फोडायची गरज नाही.

बेटी बॅल्फोरबद्दल तू अगदी बरोबर. ती मोठी नटी होती. 1924 च्या सुमारास ब्रिटिश नट्यांत ॲल्मा आणि बेटी ही दोनच नावं लोक आधी घ्यायचे. पण बेटीचं भांडवल तिचा चटपटीतपणा, तो कुठल्याही देशात चालतो. ॲल्माचं भांडवल गावाकडची माती. तिचा 'टॅन्सी' (1921) बघ, ससेक्सच्या डोंगरउतारावर मेंढ्या राखणारी मुलगी. तिच्यामागे ते गवत, तो वारा लागतो. बर्लिनच्या स्टुडिओत ती काय करणार होती? आणि तरी कुणी असं समजू नये की तिला एकच सूर येत होता. 'अ‍ॅना द अ‍ॅडव्हेंचरेस'मध्ये (1920) तिने जुळ्या बहिणी केल्या, एकाच फ्रेममध्ये दोघी. म्हणजे अर्धी फ्रेम झाकायची, एका बहिणीचं काम करायचं, फिल्म मागे फिरवायची, दुसरी बाजू झाकायची, आणि आता तिथे नसलेल्या बहिणीकडे बघून, तिने मघाशी जेवढा वेळ घेतला तेवढाच वेळ मोजून बोलायचं. हे कॅमेऱ्यातच व्हायचं, लॅबमध्ये आम्हाला दुरुस्त करायला जागाच नसायची. त्यात एका छोट्या कामात रोनाल्ड कोलमन होता, जो पुढे हॉलिवूडमध्ये जाऊन केवढा मोठा झाला.

राहिलेली गोष्ट सांगतो, ती चांगली आहे.

1920 मध्ये हेपवर्थ सगळा लवाजमा घेऊन यॉर्कशरला हेब्डन ब्रिजच्या माळांवर गेला आणि तिथे 'हेलन ऑफ फोर गेट्स' केला. कादंबरी एथेल कार्नी होल्ड्सवर्थ यांची. या बाई लहानपणापासून कापडगिरणीत राबलेल्या. गिरणीतल्या कामगार बाईने कादंबरी लिहावी आणि ती पडद्यावर यावी, हे 1920 मध्ये! लालबाग-परळच्या माणसाला याची किंमत मी वेगळी सांगायला नको. गोष्ट काळीकुट्ट आहे. एका माणसाला एक बाई नाकारते, ती गेल्यावर तिच्या मुलीला तो आपली म्हणून वाढवतो, ते केवळ सूड म्हणून तिला छळायला. ती मुलगी ॲल्मा. टिलीचा सगळा द्वाडपणा इथे संतापासारखा वर येतो.

हा चित्रपट निगेटिव्हबरोबर गेलाच असं सगळे धरून चालले होते. सुमारे नव्वद वर्षांनी त्याची एक प्रिंट कॅनडात, माँट्रियलच्या संग्रहालयात सापडली. परदेशी गेलेली प्रिंट परत पाठवायला भाडं लागायचं, म्हणून कित्येकदा ती शेवटच्या थिएटरच्या आसपासच राहून जायची. आपल्याकडेही असंच होतं. हेब्डन ब्रिजच्या लोकांनी आपल्याच गावच्या पिक्चर हाउसमध्ये तो लावला, ज्या माळावर चित्रित झाला तिथून हाकेच्या अंतरावर. त्या रात्री मी तिथे असतो तर किती बरं झालं असतं.

ताई, तुम्ही विचारलंत पुढे काय झालं. कंपनी बुडाल्यावर ती दुसऱ्यांकडे कामं करत राहिली. 1924 मध्ये 'द शॅडो ऑफ इजिप्त', 1927 मध्ये मॉरिस एल्व्हीचा 'क्विनीज'. बोलपटांतही आली, 1931 पासून. म्हणजे आवाजामुळे कुणी तिला हाकललं नाही. पण आता ती कुणाचीतरी आई, कुणाचीतरी मावशी. मग मोठी विश्रांती, आणि 1950 नंतर पुन्हा चार-दोन चित्रपटांत चेहरा दिसतो. 1956 मध्ये हिचकॉकच्या 'द मॅन हू न्यू टू मच'मध्ये ती तिकीटखिडकीवरची बाई आहे, नामावळीत नाव नाही. गेली 1974 च्या जानेवारीत, लंडनमध्येच. क्रिसी व्हाइट तिच्यानंतर पंधरा वर्षं जगली.

1915 मध्ये जिच्यामागे चॅप्लिन होता ती तिकीटखिडकीवर. पण मी त्याला अधोगती म्हणत नाही, मधुरा. साठी ओलांडलेली बाई पन्नास वर्षांपूर्वी सुरू केलेलं काम अजून करत होती.


थेम्सकाठची, पुढच्या शनिवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं वाचून दाखवलं, दीड तास लागला. ते मध्येच थांबवून विचारत होते, "तो बंब खरा होता का?" मग मी टिलीचा तो चित्रपट शोधून त्यांना दाखवला, तो बघायला मिळतो. मुलीने एकदा पाहिला आणि सलग चार वेळा लावला. तिला ॲल्मा कुठली आणि क्रिसी कुठली हे आता माझ्यापेक्षा पटकन ओळखता येतं. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीच्या, आवाज नसलेल्या, पाच-सात मिनिटांच्या चित्रपटावर आठ वर्षांची मुलगी पोट धरून हसली, हे काकांना सांगायचंच होतं.

मधुराताई, तुमचा कमलाबाईंचा मुद्दा वाचून बाबा गप्प झाले. म्हणाले, मी त्यांना एकदा नाशिकला पाहिलं होतं, तेव्हा त्या खूप थकल्या होत्या आणि मला त्यांना नमस्कार करायचं सुचलं नाही.

आज तालमीला त्या आजीबाई पुन्हा भेटल्या. मी काकांनी लिहिलेलं थोडंथोडं इंग्रजीत सांगितलं. निगेटिव्ह वितळवल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा डबाच काढला, मला दाखवायला आणला होता. आत ॲल्मा टेलरची तीन पोस्टकार्डं. एकात ती कुंपणाला टेकून उभी, डोक्यावर रुंद काठाची टोपी. दुसऱ्यात नुसता चेहरा, कॅमेऱ्याकडे न बघणारा. तिसरं पाण्याने खराब झालं आहे, त्यात फक्त हात आणि फुलं दिसतात. मागे त्यांच्या आईच्या अक्षरात तारखा लिहिल्या आहेत, बहुतेक तो तो चित्रपट पाहिल्याच्या.

काका, तारखा वाचता येतात, पण चित्रपटाचं नाव एकावरच आहे, 'शीबा'. 1919 चा. हा शिल्लक आहे का? आणि पोस्टकार्डं चांगली राहावीत म्हणून कशात ठेवावीत? त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणार होत्या, मी थांबवलंय.


जुनी_रिळं, शनिवार रात्री

ताई, बरं केलंत थांबवलंत. प्लॅस्टिक नको, त्यात दमट हवा कोंडते आणि कार्डं एकमेकांना चिकटतात. आम्ल नसलेल्या कागदाची पाकिटं मिळतात, प्रत्येक कार्डाला एक. पुठ्ठ्याच्या डब्यात आडवी ठेवा, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीपाशी नको. खराब झालेलं कार्ड पुसायला जाऊ नका, अजिबात नाही. आणि आज उजेडात, फ्लॅश न वापरता, पुढूनमागून दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, तारखांसकट.

'शीबा'चं मी आत्ता लिहीत नाही, खात्री करून मगच लिहीन. पण त्या तारखा मला पाठवा. कुठलं कार्ड कुठल्या चित्रपटाच्या वेळचं ते त्यावरून जुळवता येईल. त्या चेहऱ्याच्या कार्डाचा फोटो आधी पाठवा, ज्यात ती कॅमेऱ्याकडे बघत नाही.